दोनदा उकळलेला पालक

१२ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू ओरडतेस, मी रडते आणि मुद्दा बाजूलाच राहतो. गेल्या वेळी तर आईने तुझ्या हातातून फोन काढून घेतला होता. म्हणून महत्त्वाचं सगळं यापुढे पत्राने, असं आपलं ठरलंय, आणि हे महत्त्वाचं आहे.

आम्ही ठरवलंय. म्हणजे मुलाचं. लग्नाला तीन वर्षं झाली, यांची नकाशे काढायची नोकरीही आता कायम झाली. तुझ्याजवळ हा विषय काढू की नको, यात माझे आठ दिवस गेले. तू आणि भाऊजी नऊ वर्षं किती दवाखाने फिरलात ते मी पाहिलंय. पण दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू मला उभं चिरलं असतंस.

इथल्या दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, दिवस राहायच्या आधीपासूनच फोलिक ॲसिड सुरू करा. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा पहिल्या चार आठवड्यांतच घडतो, तेव्हा बाईला पत्ताही नसतो. फोलिक कमी पडलं तर कणा नीट मिटत नाही, उघडाच राहू शकतो. ऐकून मी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांनी गोळ्यांचं पाकीट दिलंय. पण गोळी आणि माझा घसा यांचं जन्माचं वैर. लहानपणी तू चमच्याखाली चुरून जॅममध्ये कालवून द्यायचीस, आठवतं? रोज सकाळी गोळी घेतली की मळमळतं, आणि मग पुस्तकबांधणीच्या कारखान्यात अर्धा दिवस खळीचा वास सहन होत नाही. हे म्हणतात, जे जेवणात आहे ते जेवणातूनच घ्यावं.

तू अकरा वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहेस. किडनीच्या पेशंटांना जपून खाऊ घालतेस. सांग ना, मी काय खाऊ आणि ते कसं शिजवू? नुसती यादी नको, तुझी रीत हवी. तू सांगशील तेच करेन.

आई तुझ्याकडे मजेत असेलच. तिच्या हातचा चहा रोज तुला मिळतो आणि मी इथे पिशवीतली पूड ढवळत बसते. असो. तुझं नशीब.

तुझी
धाकटी


२४ जानेवारी

धाकटे,

पत्र मिळालं. आनंद झाला. हे वाक्य दोनदा लिहावं लागलं, पहिल्यांदा शाई फुटली.

तुझं पहिल्यापासून असंच आहे. तुला ठरवायला वेळ लागतो, मिळायला लागत नाही. सायकल मी तीन वर्षं मागितली आणि ती तुझ्या वाढदिवसाला आली. आता नको ते उकरून काढत नाही. तू विचारलंस ते सांगते.

पालक आणि मिळेल ती हिरवी पालेभाजी, कोबी, बीट, मसूर, राजमा, हरभरे. हे आलटून पालटून रोज खा. आता रीत. भाजी अगदी बारीक चिर. दोन तास भरपूर पाण्यात बुडवून ठेव आणि ते पाणी ओतून दे. मग मोठ्या पातेल्यात भाजीच्या दसपट पाणी घेऊन खळाखळा उकळ. तेही पाणी ओत. पुन्हा नवं पाणी, पुन्हा उकळ, पुन्हा ओत. मग पिळून घे, मीठ नावाला. आमच्या वॉर्डात रोज एकशे दहा ताटं अशीच जातात आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही. करायचं त्राण त्यांच्यात नसतं ते सोड.

गोळ्यांचं तुझं तू बघ. मी स्वयंपाकीण आहे, डॉक्टर नाही.

आई मजेत आहे. चहा मीच करते. तिचे गुडघे धरलेत, ते तुला तिथून दिसणार नाहीत.

ताई


१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

किती बारकाईने लिहिलंस! तू रागावशील अशी मला धास्ती होती. मी उगीचच तुझ्याविषयी वेडंवाकडं मनात आणते.

तुझी रीत अक्षरशः पाळतेय. खरं सांगू? ओल्या फडक्यासारखं लागतं. हे माझ्या ताटाला 'वॉर्ड नंबर चार' म्हणतात आणि स्वतः अंडी तळून खातात. बीट उकळून उकळून इतकं फिकट होतं की मला त्याची दया येते. पण नाक धरून खाते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. पंधरा-वीस दिवस घेतल्या कशाबशा, पुरे झाल्या. तू पाठीशी असताना गोळी कशाला?

एक गंमत सांगते. ते उकळलेलं पाणी मी गार करून मागच्या दारच्या कुंड्यांत ओतते. शेजारच्या शिंपीणबाईंची झाडं मान टाकून बसलीत आणि माझी नुसती माजलीत. त्या रोज कुंपणावरून बघतात आणि त्यांच्या पोटात दुखतं. मला बाई फार बरं वाटतं.

त्यावरून मनात आलं. पाणी एवढं हिरवंगार निघतं, तर भाजीत मग काय उरतं गं? प्रश्न मूर्खासारखा असेल. तुला कळतंच सगळं.

आईने मला चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात लोकरीचं काहीतरी होतं. माझ्यासाठी विणतेय का? गुपचूप सांग. तुझ्याकडे राहून ती माझी आठवण काढते, हे वाचून मी चक्क नाचले.

तुझी
धाकटी


२ मार्च

धाकटे,

मूर्खासारखाच प्रश्न आहे, तूच म्हणालीस. अकरा वर्षं शेगड्यांपुढे मी उभी आहे, तू नाहीस.

लोकरीचं विचारलंस. ऐक तर. नऊ वर्षांपूर्वी आईने एक स्वेटर विणला होता. पिवळा, बाह्या माझ्या बोटाएवढ्या. कुणासाठी ते तुला सांगायला नको. कपाटाच्या वरच्या खणात कागदात गुंडाळून ठेवला होता. रविवारी कामावरून आले तर आई खिडकीशी बसून तो उसवत होती. म्हणाली, लोकर अजून चांगली आहे, धाकटीला होईल. मी आत जाऊन पातेली घासली. ती सकाळीच घासलेली होती.

तुला अजून दिवसही राहिले नाहीत आणि माझं कपाट रिकामं झालं. नाच तू खुशाल.

ताई

*(समासात, पेन्सिलीने)* ताई पाकीट आणायला खाली गेली आहे तेवढ्यात लिहिते. तुझं पत्र मी वाचलं. दोनदा उकळायचं हे काय खूळ? घरी मला ती भाजी झाकण ठेवून पाच मिनिटांत करून देते, पाणीसुद्धा टाकत नाही. तिला नीट विचारून घे. स्वेटरचं माझं चुकलं, तिला विचारून उसवायला हवा होता. ती चार दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. — आई


२३ मार्च

ताई,

आहे! काल चाचणी केली, आज दवाखान्यात जाऊन पुन्हा केली. आहे! यांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, शिंपीणबाईंना तर कुंपणावरून ओरडून सांगितलं. आता तुला.

नर्सबाई रजेवर होत्या, त्यांच्या जागी दुसरी मुलगी होती. तिने विचारलं, फोलिक चालू आहे ना? मी म्हटलं, चालू म्हणजे काय, माझी बहीण हॉस्पिटलची स्वयंपाकीण आहे, तिच्या पद्धतीने दोन्ही वेळा जेवणातून घेते. तिने कागदावर बरोबरची खूण केली.

आईची पेन्सिल वाचली. तिला काय कळतंय! घरी तू घाईत साधं करत असशील, माझ्यासाठी मात्र खास हॉस्पिटलची पद्धत लिहिलीस. आता तर आणखी जपून करेन, तीनदा उकळेन. स्वेटरचं वाचून वाईट वाटलं. आईला कधी काय करावं ते समजत नाही.

ताई, तू मावशी होणार.

तुझी
धाकटी


२७ मार्च

धाकटे,

फोन करायचा नाही हा नियम काल मी मोडला. तुझा फोन लागेना म्हणून कारखान्यात केला. मागे तुमची कापणीची यंत्रं धडधडत होती. मी काय ओरडले ते तुला नीट ऐकू आलं की नाही कोण जाणे, म्हणून पुन्हा लिहिते.

गोळी घे. आजपासून रोज. चुरून घे, जॅममध्ये घे, कशीही घे. भाजी भिजवत ठेवू नकोस आणि दोनदा तर मुळीच उकळू नकोस. पानं आधी अख्खी धुवायची, मग चिरायची, झाकण ठेवून चार-पाच मिनिटं वाफेवर, आणि सुटेल ते पाणी भाजीबरोबर खायचं. मसूर शिजवलेल्या पाण्यासकट. संत्री खा, शेंगदाणे खा. आणि एवढं सगळं खाऊनही गोळी घेच. या दिवसांत नुसत्या जेवणाच्या भरवशावर राहायचं नसतं. हे मला जानेवारीतही माहीत होतं.

आता बाकीचं. आमच्या पेशंटांच्या किडन्यांना भाजीतले क्षार बाहेर टाकता येत नाहीत. म्हणून भाजी भिजवायची, दोनदा उकळायची, अगदी धुऊन काढायची. क्षार पाण्यात जातात आणि त्यांच्याबरोबर बरंचसं फोलिकही जातं. मी कामावर लागले त्याच आठवड्यात आहाराच्या बाईंनी हे शिकवलं होतं. आमच्या पेशंटांना डॉक्टर त्याची वेगळी गोळी देतात. तुझ्या कुंड्यांना मी खाऊ घालत होते आणि तुझ्या तोंडाला पानं पुसत होते.

सवयीने लिहिलं गेलं, असं लिहिणार होते. एक अख्खा कागद तसा लिहिला आणि फाडला. सवयीने नाही. तुझं पत्र वाचून माझ्या पोटात जे उठलं तो मत्सर होता, त्याला दुसरं नाव नाही. नऊ वर्षं मी त्या गोळ्या घेतल्या, धाकटे. रोज, तोंड वाकडं न करता. आणि तुला मळमळतं म्हणून तू त्या बाजूला सारणार, आणि तरी तुला मिळणार! तिने रीत मागितली, मी रीत दिली, यात खोटं काय, असं मी स्वतःला इतके दिवस समजावलं. पण संत्र्याचं नाव मी गाळलं. संत्रं कुणी उकळत नाही, म्हणून गाळलं. त्या एका फळावरून मला माझं मन दिसतं.

बाळाचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. तेव्हा बाळ नव्हतंच, नुसती तू होतीस. काल तुझं पत्र आलं तेव्हा मी हॉस्पिटलात मोरीशी उभी होते. मदतीची बाई पालकाचं पहिलं पाणी ओतत होती. मी पत्र वाचत होते आणि ते पाणी संपता संपेना. मला खाली बसवलं त्यांनी.

दवाखान्यात जा. नर्सबाईंना सगळं सांग. सख्ख्या बहिणीने केलं म्हणून सांग.

ताई


८ एप्रिल

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग यांना दाखवलं. हे म्हणाले, त्या घरात आता पाय ठेवायचा नाही.

नर्सबाई रजेवरून आल्या, त्यांना सांगितलं. त्या चिडल्या, पण तुझ्यावर नाही. गोळ्या बंद करायच्या आधी विचारायला का आला नाहीत, म्हणून मलाच झाडलं. म्हणाल्या, आधी घेतलेलं शरीरात थोडंफार राहतं, आणि कणा मिटायच्या आत पुन्हा सुरू केल्यात हे बरं झालं. पण शब्द देता येणार नाही. काय ते पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दिसेल. म्हणजे जुलैत. तोवर रोज हात पोटावर आणि जीव टांगणीला.

गोळी घेते. जॅममध्ये चुरून. मळमळलं तरी गिळते.

संत्री मी खात होते, ते एक बरं. नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी छापील कागद दिला होता. त्यावर संत्रं होतं, शेंगदाणे होते, तुझी प्रत्येक भाजी होती. कशी शिजवायची तेवढंच नव्हतं. म्हणजे यादी माझ्याजवळ होतीच. मग तुला का विचारलं? तू खरं लिहिलंस, तर मीही लिहिते. तुला कळावं म्हणून विचारलं.

आई तुझ्याकडे. घरातला शेवटचा शब्द तुझा. जन्मभर मी 'ताईकडून शीक' एवढंच ऐकलं. एकदा तरी माझ्याकडे असं काही असावं जे तुझ्याकडे नाही, आणि ते तू बघावंस, असं मला वाटलं. आठ दिवस विचार केला असं लिहिलं होतं ना? अर्धा तासही केला नव्हता. पाकीट चिकटवताना मी शीळ घालत होते. स्वेटर उसवल्याचं वाचून वाईट वाटलं हे खरं, पण त्याच्या आधी बरं वाटलं.

म्हणून आपली फिट्टंफाट झाली असं समजू नकोस. मी तुला टोचलं. तू माझ्या बाळाच्या पाठीशी खेळलीस.

जुलैपर्यंत मला लिहू नकोस.


३० मे

धाकटे,

लिहू नकोस म्हणालीस. पन्नास दिवस नाही लिहिलं. हवं तर न वाचता फाड.

आईला मी सांगितलंय. सगळं नाही, अर्धं. उरलेलं सांगायला तोंड उघडलं आणि तिचे गुडघे चोळत बसले. ती स्वेटर पुन्हा विणतेय. लोकर पुरेना म्हणून बाह्यांना मी दुसरी आणून दिली. रंग जुळत नाही.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर सोमवारी खूण करते. बाकीच्यांना वाटतं मी रजा मोजतेय. आज चौदावा आठवडा संपला.

मत्सर गेला असं लिहिलं असतं तर शोभून दिसलं असतं. गेलेला नाही. काल बसमध्ये एका बाईचं पोट दिसलं आणि मी तोंड फिरवून उभी राहिले. पण आता त्याच्या डोक्यावर भीती बसली आहे. पूर्वी म्हणायचे, हिलाच सगळं का मिळतं? आता रोज उठल्या उठल्या म्हणते, मिळू दे, हिला सगळं मिळू दे. दातओठ खाऊन म्हणते, पण म्हणते.

उत्तर नको.

ताई


११ जुलै

ताई,

आज सकाळी सोनोग्राफी झाली. खोलीत अंधार होता आणि डॉक्टरबाई पडद्याकडे बघत एकेक मोजत होत्या. आधी डोकं मोजलं, मग हृदय, मग पाय. मी विचारलं, पाठ? त्या म्हणाल्या, थांबा, वळू दे त्याला. ते काही वळेना. मला दोनदा कुशीवर फिरवलं, एकदा खाली पाठवून जिना चढून यायला लावलं. हे कोपऱ्यात उभे राहून चष्मा पुसत होते. सतत पुसत होते.

मग वळलं. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि मानेपासून खालपर्यंत नेलं. पांढरे ठिपके, एकाखाली एक. बारा वर्षं मी पुस्तकांच्या पाठी शिवतेय, एक टाका सुटला तरी मला लांबून दिसतो. मी स्वतः बघितलं, दोनदा बघितलं. कुठे सुटलेलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, पूर्ण मिटलेला आहे, चिंता सोडा.

मी रडले नाही. हे रडले.

बाहेर आल्यावर यांनी आईला लावायला फोन काढला. मी म्हटलं, थांबा. पैसे भरायच्या खिडकीवरच्या माणसाकडून कागद मागितला आणि बाकावर बसून हे लिहितेय. या तीन महिन्यांत हे घाबरले, पण त्यांना झोप लागायची. आईला अर्धंच माहीत होतं. माझ्याइतकं घाबरून एकेक आठवडा मोजणारं सगळ्या जगात दुसरं कोण असेल, असा विचार केला तर तूच आलीस डोळ्यांपुढे, आणि त्याचा मला इतका राग आला की पेनाचं टोक कागदात घुसलं. वर भोक दिसतंय ते त्याचं आहे.

म्हणून हे आधी तुला लिहिलं, फोनची बातमी आधी पोचली तरी. हे पत्र पेटीत पडेल, मगच आईला फोन.

माफ केलेलं नाही. कधी करेन ते विचारू नकोस. यांची समजूत काढायची आहे, त्याला वेळ लागेल. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख आहे.

रजा आत्ताच टाकून ठेव.

धाकटी